राणीची सही

मराठी रंगभूमीवर एखादं जुनं नाटक पुन्हा उभं राहिलं, की जाहिरातीत दोन शब्द हमखास छापलेले असतात : 'नव्या संचात'. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. 'नटसम्राट' १९७० साली आलं तेव्हा अप्पा बेलवलकर डॉ. श्रीराम लागूंनी उभे केले. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी यांनी तेच अप्पा आपापल्या परीनं रंगवले आणि प्रेक्षकांनी त्यांनाही पाहिलं. सिनेमाच्या बाबतीत मात्र आपण लगेच नाक मुरडतो. एकदा चांगला झालेला सिनेमा पुन्हा कशाला काढायचा? आमच्या वर्गातल्या एका मुलानं तर भर तासाला सांगून टाकलं, "मॅडम, ती कॉपी असते." सगळे हसले. मीही हसले असेन.

हा विषय निघाला होता एका इंग्रज राजघराण्यावरून.

यंदा पहिल्या सत्रात इतिहासाच्या मॅडमनी आम्हांला सेमिनार हॉलमध्ये पडदा लावून 'द लायन इन विंटर' हा १९६८ सालचा सिनेमा दाखवला. मूळ ते नाटक. जेम्स गोल्डमन या अमेरिकन लेखकानं लिहिलेलं, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर १९६६ साली आलं आणि ९२ प्रयोगांत आटोपलं. दोन वर्षांनी त्याच लेखकाच्या पटकथेवर सिनेमा निघाला आणि त्याला तीन ऑस्कर मिळाली! त्यातलं एक राणीचं काम करणाऱ्या कॅथरिन हेपबर्नला आणि एक खुद्द गोल्डमनला. नाटकाच्या नशिबात काय असतं, कुणी सांगावं?

कथा थोडक्यात सांगते. ११८३ सालचा नाताळ. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री आता पन्नाशीचा झाला आहे. इंग्लंड तर त्याचं आहेच, शिवाय फ्रान्सचा पश्चिमेकडचा केवढा तरी मुलूख त्याच्या ताब्यात आहे. थोरला मुलगा त्याच वर्षी जूनमध्ये वारलेला. उरले तिघे. राजाला वाटतं गादी धाकट्या जॉनला द्यावी, राणीला वाटतं रिचर्डला द्यावी, आणि मधला जेफ्री आईलाही नको नि बापालाही नको. ही राणी एलिनॉर दहा वर्षांपासून नवऱ्याच्याच कैदेत आहे, कारण ११७३ मध्ये मुलांनी बापाविरुद्ध बंड केलं त्यात तिची फूस होती. सणापुरतं तिला कैदेतून काढून नावेनं शिनॉनच्या किल्ल्यात आणतात. फ्रान्सचा अठरा वर्षांचा राजा फिलिप पाहुणा म्हणून आलेला आहे. त्याची सावत्र बहीण ॲलिस ही लहानपणीच या घरात सून म्हणून आणून ठेवलेली, रिचर्डशी लग्न ठरलेली, आणि नाटकात तरी म्हाताऱ्या राजाचा तिच्यावर जीव जडलेला. एवढी माणसं एका किल्ल्यात, दोन दिवस. भांडण एकच : कुणाला काय मिळणार.

मॅडमनी आधीच बजावलं होतं, की हे सगळं इतिहास म्हणून लिहाल तर मार्क जातील. त्या वर्षी शिनॉनला असा नाताळ भरलाच नव्हता. सिनेमात नाताळचं झाड दिसतं, तेही बाराव्या शतकात नव्हतं. पण माणसं खरी, त्यांची वैरं खरी, आणि ज्या मुलखासाठी ती भांडत होती तो मुलूखही खरा. आपल्याकडे वसंत कानेटकरांनी 'रायगडाला जेव्हा जाग येते' हे नाटक १९६२ साली, म्हणजे गोल्डमनच्या चार वर्षं आधी आणलं, तेव्हा त्यांनीही छत्रपतींच्या दरबारापेक्षा बाप आणि लेक यांच्यातला ताण रंगमंचावर आणला. सिंहासनावर बसलेला माणूस घरी गेल्यावर कोण असतो, हे पाहायला लोकांना आवडतं. सगळीकडच्याच.

खरं सांगायचं तर हॉलमध्ये तो सिनेमा पाहताना मी दबून गेले होते. एवढा मोठा पडदा, ते दगडी जिने, अंगणात फिरणारी कुत्री-कोंबडी, आणि कान फुटतील असं इंग्रजी! आमच्या घरात इंग्रजी वाचणारी मी पहिलीच. खाली अक्षरं येत होती, पण एक ओळ वाचून होईतो दुसरी येई आणि माणसं तोवर तिसऱ्या भांडणाला लागलेली असत. पीटर ओ'टूल नुसता गरजत होता. या नटानं हाच हेन्री राजा आधी १९६४ च्या 'बेकेट'मध्येही केला होता, म्हणजे राजा त्याच्या अंगात मुरलेला. वय म्हणाल तर तेव्हा पस्तिशीच्या आसपास, पण पन्नाशीचा राजा शोभला. हेपबर्न नावेतून येते ते दृश्य तर पालखीतून देवी यावी तसं. मी मनातल्या मनात हात जोडले. बाहेर आल्यावर मैत्रिणीनं विचारलं, कसा वाटला? मी म्हटलं, भारी. याहून जास्त मला काही सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सांगितलं, की २००३ साली हीच गोष्ट दूरचित्रवाणीसाठी पुन्हा केली गेली. दिग्दर्शक आंद्रेई कोंचालोव्हस्की हा रशियन. राजा पॅट्रिक स्टुअर्ट, राणी ग्लेन क्लोज. गोल्डमन १९९८ सालीच वारले होते, पण पटकथा त्यांचीच घेतली. बोलणी जवळजवळ तीच, फक्त बोलणारी तोंडं नवी. 'कॉपी' हा शब्द आला तो इथं. मग दिवाळीच्या सुटीत मी हा दुसरा संच घरी मोबाईलवर पाहिला, पण एकटीनं नाही पाहिला. ते सांगण्याआधी घरचं थोडं सांगायला हवं.

बार्शी तालुक्यात आमची साडेसहा एकर जमीन आहे. ज्वारी, तूर आणि अलीकडे सोयाबीन. एक विहीर. आजोबा गेल्या वर्षी वैशाखात गेले. त्यानंतर वारस नोंद झाली आणि सातबाऱ्यावर पाच नावं लागली : आजी, थोरले चुलते, माझे वडील, धाकटे काका आणि आत्या. १९५६ च्या कायद्यानं मुलगी बापाच्या मालमत्तेत वारस झाली, आणि २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत जन्मापासूनच मुलाइतकी हक्कदार झाली. हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे, सहा मार्कांना. गावात मात्र आत्याचं नाव सातबाऱ्यावर लागतं ते उतरवण्यासाठीच. बहिणीनं हक्कसोडपत्र करून द्यायचं, भावांनी साडीचोळी करायची, मग भावांची खातेफोड व्हायची. आमच्या आळीत सगळ्यांनी असंच केलं आहे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

वडिलांना खातेफोड लवकर हवी होती, आणि त्याचं कारण मी आहे. खातं सामाईक असलं की कर्जाला सगळ्यांच्या सह्या लागतात, थोरले चुलते सही द्यायला महिनामहिना लावतात. स्वतंत्र खातं झालं की पाइपलाइनला कर्ज निघेल, रब्बी हाताला लागेल आणि माझ्या वसतिगृहाचे, मेसचे पैसे वेळेवर भरता येतील. तेव्हा आत्यानं सही करावी, यात माझाही फायदा होता. हे झाकून मला पुढचं लिहिता यायचं नाही.

दरवर्षी आत्या भाऊबीजेला एस.टी.नं येते. आदल्या दिवशी एखादा फोन जातो, तोही कधी कधी तीच करते. यंदा वसुबारसेपासून तीन फोन गेले. धाकटे काका पुण्याहून येताना वाट वाकडी करून गाडीनं तिला घेऊन आले. थोरल्या चुलतीनं तिच्यासाठी वेगळे, कमी साखरेचे लाडू वळले. आजी म्हणाली, "औंदा लई माया आलीय समद्यांना."

पाडव्याच्या रात्री सोप्यात आम्ही दोघी अंथरुणावर पडलो होतो. मी मोबाईल तांब्याला टेकवून ठेवला आणि हा सिनेमा लावला. आत्याला इंग्रजीचा गंध नाही, शाळाही चौथीपर्यंतची. ती सहज डोकावली.

"कोण गं ही?"

"राणी आहे. नवऱ्यानंच कोंडून ठेवलीय. दहा वर्षं झाली."

"मग आता कशी काय सोडली?"

"सणाला आणलीय."

आत्या थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तिच्या नावावर काय हाय?"

मी सिनेमा थांबवला. माझ्या अख्ख्या वर्गात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. मी तिला सांगितलं, की ॲक्विटेन नावाचा मुलूख हिच्या बापाचा. बापाच्या मागं हीच वारस. पहिलं लग्न फ्रान्सच्या राजाशी झालं, ते ११५२ मध्ये मोडलं, त्याच वर्षी हिनं हेन्रीशी लग्न केलं आणि मुलूख तिच्याबरोबर इकडं आला. खुद्द फ्रान्सच्या राजाच्या खास ताब्यात जेवढी भूमी होती, तिच्याहून हा मुलूख मोठा. आता हेन्रीला तो धाकट्या मुलाला द्यायचाय, पण हिनं दिल्याशिवाय देता येत नाही.

"मग बरोबर हाय," आत्या म्हणाली, "लाव पुढं."

मग मी एकेक वाक्य थांबवून मराठीत सांगत गेले आणि आत्या बघत गेली. हॉलमध्ये मला जे निम्मंही कळलं नव्हतं ते असं अडत अडत पाहताना कळू लागलं. पडदा तळहाताएवढा. त्यात किल्ला कुठला दिसायला! दिसत होते फक्त चेहरे. हेपबर्नची राणी दुःखातसुद्धा राणी होती, तिच्याकडे मान वर करून बघावं लागे. ग्लेन क्लोजची राणी हसते, टोमणा मारते आणि त्याच वेळी समोरच्याच्या तोंडाकडे बघून अंदाज घेत असते, की आता याला काय हवंय. असं बघणं मी पाहिलेलं आहे. या कामाला तिला गोल्डन ग्लोब मिळालं ते मला नंतर कळलं. पॅट्रिक स्टुअर्ट ओ'टूलसारखा गरजत नाही. त्याचा हेन्री कारभार हातून निसटत चाललेला एक म्हातारा कर्ता वाटतो. आत्यानं तर त्याची कीवच केली. म्हणाली, "वाईट न्हाई गं त्यो. भ्यालाय."

मध्येच वडील मोटर चालू करायला निघाले होते; आमच्याकडे शेतीची लाईट रात्रीची असते. त्यांनी विचारलं, "काय बघताय दोघी?"

"वाटणी," आत्या म्हणाली.

वडील बॅटरी हातात धरून जरा वेळ उभे राहिले. पडद्यावर नेमका जेफ्री होता. मी सांगितलं, "हा मधला. याचं कुणी नावच घेत नाही." माझे वडील भावांत मधलेच. ते काही बोलले नाहीत, चपला घालून गेले.

पुढे राजा राणीपुढे सौदा मांडतो : ॲक्विटेन जॉनला दे, तुला कैदेतून मोकळी करतो. मी हे मराठीत सांगितलं. आत्या चटकन म्हणाली, "देऊ नको म्हणावं तिला."

"अगं, सुटेल ती. दहा वर्षं कोंडलीय."

"सुटंल. मग पुढच्या सणाला तिला कोण आणायला येतंय? आता नाव हाय म्हणून नाव पाठवली. सही दिली की कोण इचारतंय गं?" आणि मग मोबाईलकडेच बघत म्हणाली, "मला काय जमीन कसायची हाय व्हय? माझं घर तिकडं. पण त्या कागदावर बापाच्या नावाखाली माझं नाव हाय. तेवढंच माझं इथं काय ते."

मी तिला माझ्या मेसबद्दल काही बोलले नाही. तिला ते ठाऊक होतंच.

सिनेमा संपला तेव्हा बारा वाजून गेले होते. शेवटी काहीच ठरत नाही. राजा मुलांना तळघरात कोंडतो, तलवार उपसतो, पण ती चालवणं काही त्याला होत नाही. सही होत नाही, गादी कुणाला ते ठरत नाही, राणी नावेत बसून परत कैदेत जाते. पुढच्या सणापर्यंत.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. ओवाळून झालं. यंदा ताटात साडी भारीची होती. जेवणं झाल्यावर थोरल्या चुलत्यांनी कपाटातून कागद काढले आणि म्हणाले, सुटी संपली की तालुक्याला जाऊन रजिस्टर करून घेऊ. आत्यानं आढेवेढे घेतले नाहीत. ती वडिलांकडे बघून म्हणाली, "तुझ्या कर्जाच्या कागदावर जिथं लागंल तिथं माझी सही घे. पोरीचं शिक्षण थांबू देऊ नको. सोडायच्या कागदावर मात्र न्हाई. आई हाय तवर तर न्हाईच." आजी देवघराशी बसली होती, ती काही बोलली नाही. थोरले चुलते उठून बाहेर गेले आणि संध्याकाळपर्यंत आले नाहीत. काकांना अचानक आठवलं, की पुण्याला लवकर पोचायचं आहे. परतीला गाडी नव्हती. वडिलांनी आत्याला मोटारसायकलवरून स्टँडवर सोडलं, लाडवाचा डबा मांडीवर घेऊन ती मागं बसली होती.

सुटी संपल्यावर मी ग्रंथालयात या राजघराण्याचं मिळेल ते वाचलं. नाताळची ती भेट लेखकानं रचलेली खरी, पण हेन्रीनं रिचर्डकडे ॲक्विटेन जॉनसाठी मागितलं होतं आणि रिचर्डनं ते नाकारलं होतं, ही गोष्ट ११८३ सालचीच. त्याहून नवल ११८५ मधलं. रिचर्ड काही केल्या मुलूख सोडेना, तेव्हा हेन्रीनं एलिनॉरला खरोखरच कैदेतून आणवलं, समुद्र ओलांडून नॉर्मंडीत. का? तर ॲक्विटेन ज्या बाईचं आहे तिला ते परत कर, असं मुलाला सांगता यावं म्हणून! आणि रिचर्डनं ते आईला परत केलं. एवढा मोठा राजा, पण जवळजवळ बारा वर्षं कोंडून ठेवलेल्या बायकोचं नाव त्याला उपयोगी पडलं ते असं. मी त्या पानावर बराच वेळ थांबले होते.

दोन संचांत सरस कुठला, असं विचाराल तर १९६८ चा, यात मला शंका नाही. दुसऱ्यात मधे मधे प्रसंग रेंगाळतात, मुलांची कामं पहिल्याइतकी धारदार नाहीत. पहिल्यात रिचर्ड अँथनी हॉपकिन्स आणि फिलिप टिमोथी डाल्टन, त्यांच्याशी बरोबरी करायची म्हणजे सोपं नाहीच. पण पहिला सिनेमा मी हॉलमध्ये खुर्चीवर ताठ बसून पाहिला. दुसरा अंथरुणावर, आत्याच्या खांद्याला खांदा लावून, थांबवत थांबवत. गोल्डमनची वाक्यं दोन्हीकडे तीच होती. आता पहिला पुन्हा पाहायला मिळाला तर मला तो वेगळा दिसेल असं वाटतं.

वडिलांच्या कर्जाचं प्रकरण अजून बँकेत आहे. आत्याची सही त्यावर झाली आहे, थोरल्या चुलत्यांची व्हायची आहे. ते वडिलांशी कामापुरतं बोलतात. मेसचे पैसे मी दोन हप्त्यांत भरले.

संक्रांतीला आत्याचा फोन आला होता. तिळगूळ वगैरे झाल्यावर तिनं विचारलं, "त्या राणीचं पुढं काय झालं गं?"

मी सांगितलं, की ११८९ मध्ये नवरा वारला, त्याच शिनॉनच्या किल्ल्यात. धाकटा जॉनही शत्रूला मिळाला हे शेवटी त्याला कळलं होतं. मग ती सुटली. त्यानंतर पंधरा वर्षं जगली, मुलांच्या राज्याचा कारभार पाहिला, १२०४ मध्ये गेली. फाँतव्रोच्या मठात नवऱ्याशेजारीच तिची समाधी आहे आणि वर तिचा पुतळा आहे, झोपून पुस्तक वाचत असलेला.

"आन् जमीन?"

"शेवटपर्यंत तिची होती."

"बरं," आत्या म्हणाली, आणि मग आमची तूर निघाली का, किती झाली, आजीचे गुडघे कसे आहेत, असं सगळं विचारत बसली.